चिपळूणचा क्वार्टरबॅक

१२ ऑक्टोबर २०१४, रविवार. सोहार, ओमान.
आज क्वार्टरबॅक झालो! कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा. आमचे फिजिक्सचे सर अमेरिकेचे, त्यांनीच टीम काढली. यात बॉल हाताने फेकतात. अंगावर पडायचं नाही, समोरच्याच्या कमरेची पट्टी ओढायची, की तो थांबला. पट्टीचा रंग प्रत्येक टीमचा वेगळा. क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मेंदू. कोणी कुठे पळायचं ते तो ओरडून सांगतो आणि बॉल फेकतो. सरांनी विचारलं, मोठ्याने ओरडता कोणाला येतं? हात फक्त माझा वर. निवड एकमताने.

१४ ऑक्टोबर
रोज पहाटे उठून समुद्रावर धावायचं. उद्यापासून.

१५ ऑक्टोबर
हवा दमट. अशा हवेत धावणं फुप्फुसांना वाईट. थंडी पडली की सुरू.

२० ऑक्टोबर
अम्मार राखीव क्वार्टरबॅक. इब्री गावचा. बोलत नाही, नुसता टांगलेल्या टायरमधून बॉल फेकत बसतो. मॅचमध्ये टायर असतो का? कीव येते बिचाऱ्याची.

२ नोव्हेंबर
मस्कतच्या एका कॉलेजशी मॅच ठरली. एकवीस तारीख, शुक्रवार. ती बघून क्वार्टरबॅक पक्का करणार, असं सर म्हणाले. म्हणजे फॉर्मॅलिटी. तरी झोप लागली नाही. एसी खराब असावा.

५ नोव्हेंबर
जबरदस्त आयडिया! सगळे इंग्रजीत ओरडतात, ते समोरच्यालाही कळतं. मी मराठीत ओरडणार. उजवीकडे लांब, डावीकडे जवळ, मधून घूस. चिपळूणला दहावीपर्यंत मराठी मीडियममध्ये घासली ती आता कामी येणार. इथे मराठी कळणार कोणाला? अब्बांच्या बरक्यातल्या दुकानात निम्मं गिऱ्हाईक रत्नागिरीचं, पण ते लोक फुटबॉल खेळत नाहीत.

९ नोव्हेंबर
टीमला मराठी शिकवतोय. उस्मान डावीकडे म्हटलं की थांबून विचार करतो, मग उजवीकडे जातो. हसन विचारही करत नाही, यल्ला यल्ला, चला चला करत सरळ सुटतो. अम्मारने सगळं पाठ केलं. रट्टा मारणारा मुलगा.

१७ नोव्हेंबर
अब्बांचा फोन. मॅचला येतो म्हणाले. शुक्रवारी संध्याकाळी दुकानात सर्वात जास्त गर्दी, तरी बंद ठेवणार. आपल्या तय्यबने आजवर सगळं अर्धवट सोडलं, हे तरी बघून घेतो, असं अम्मीजवळ म्हणाले म्हणे. छाती भरून आली. उद्या धावणार म्हणजे धावणार.

१८ नोव्हेंबर
ओमानचा नॅशनल डे. सुट्टीच्या दिवशी धावणं बरं दिसत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
हरलो. कारणं: ऊन, वारा, उस्मान. मी 'उजवीकडे लांब' ओरडलो की उस्मान डावीकडे, आणि मस्कतवाल्यांचा हमझा नावाचा उंच पोरगा बरोबर उजवीकडे लांब हजर. बॉल त्याच्या हातात. 'मधून घूस' म्हटलं, तर मधूनही तोच घुसला. नशीब असतं एकेकाचं. शेवटी सरांनी मला बाहेर काढून अम्मारला घेतलं. तो काहीच ओरडला नाही. नुसता फेकला, हसनने झेलला. आमचे पॉइंट तेवढेच.
मॅच संपल्यावर अब्बा भेटायला आले, तेवढ्यात हमझा हात मिळवायला आला. म्हणाला, मी दाभोळचा. आवाज एकदम खणखणीत आहे हां तुझा, सगळं साफ ऐकू येत होतं. दाभोळचा! मस्कतमध्ये! असा योगायोग लाखात एकदा होतो. आयडियात खोट नव्हती.
सरांनी टीमला बाजूला घेऊन सांगितलं, यापुढे क्वार्टरबॅक अम्मार. खलास.

२२ नोव्हेंबर, शनिवार. बरका.
काल अब्बांच्या गाडीतून घरी आलो. आता बोलणी बसणार म्हणून तयार होतो.
अर्ध्या रस्त्यात अब्बा म्हणाले, मी सगळं नीट बघितलं. दोन्हीकडचे शर्ट पांढरे, मला त्या पट्ट्याबिट्ट्या काही कळल्या नाहीत. पण तू मराठीत ओरडायचास आणि एकटा तो दाभोळचा पोरगा बरोबर धावायचा, बाकीचे सगळे भलतीकडे. आणि तू न चुकता त्याच्याच हातात टाकायचास. असा नेम! इतकी वर्षं उगाच बोलत आलो तुला.
पुढच्या मॅचलाही दुकान बंद ठेवणार, अम्मीलाही आणणार, म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. फार लाज वाटली. तो दुसऱ्या टीमचा होता हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि इन्शाल्ला म्हणालो.