तिसऱ्या ग्लासाची व्यवस्था

मी, रंगाऱ्याची बायको, वय एकोणसत्तर, रंगांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, पोट नाही. सर्जनने ते उघडले, आत पाहिले आणि तसेच शिवून टाकले. वर्ष निघणार नाही, असे त्यांनी तोंडावर सांगितले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही आणि मी आत्ता प्यायलेली नाही. हे शेवटचे वाक्य वकीलबाईंना नको होते, पण माझी नणंद हा कागद वाचणार आहे, म्हणून ते राहू द्यावे.

एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिन्याकडची गॅलरी, माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते नणंदेला, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीला द्यावे. आम्हाला मूलबाळ नाही. यांना सांभाळायला वन्संशिवाय कोणी नाही, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. त्यांनी शाळा चालवली, नवरा चालवला, भावालाही चालवतील. अट एकच, हे असेपर्यंत यांना इथून हलवू नये. या भिंती यांनीच रंगवल्या आहेत. हात लावला की यांना वाट सापडते.

दोन. बँकेतली शिल्लक यांच्या औषधपाण्यासाठी.

तीन. शिड्या, रोलर आणि ब्रश, हे सगळे यांच्याबरोबर काम करणाऱ्या जोडीदार रंगाऱ्याला. मोठी शिडी डुगडुगते आणि तो अंगाने भरलेला आहे, तेव्हा त्याला आधी सावध करावे.

चार. माझ्या धाकट्या भावाला त्याचीच महागडी बाटली परत द्यावी. आमची रोजची वाइन चाखून तो माझ्या घरात, माझ्या टेबलावर म्हणाला होता, "ताई, याने भाजी धुवायची की प्यायची?" आणि पुढच्या वाढदिवसाला आम्हाला शिकवायला म्हणून ती बाटली घेऊन आला. ती तांदळाच्या डब्यामागे आहे. बूच आम्ही काढलेले नाही, काढणारही नव्हतो.

पाच. कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या सगळ्या बाटल्या यांच्या. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण बाकीचे सगळे माझ्यावाचून होईल, हे होईल की नाही माहीत नाही.

ही इटलीची साधी लाल वाइन आहे, दोन-तीन जातींची द्राक्षे एकत्र करून केलेली. तिथली माणसे ती जेवताना पितात, तिची आरती करत नाहीत. एका हॉटेलच्या भिंती रंगवल्या तेव्हा मालकाने खूश होऊन यांना एक बाटली दिली. यांनी घरी येऊन ग्लास पांढऱ्या बशीवर तिरका धरला आणि ओरडले, "अगं, हे तर मिक्सिंग आहे! आपलंच काम!" मग मला समोर बसवून समजावले, "एक द्राक्ष आंबट आणि ताठ. दुसरं गुबगुबीत, गोडगोड. एकेकटं असतं तर कुणी विचारलं नसतं. एकत्र कसं नांदतंय बघ." मी विचारले, "मग आपल्यात आंबट कोण?" यांनी ग्लास पुढे केला. शहाणा माणूस.

तेव्हापासून रोज संध्याकाळी जेवणाआधी आम्ही समोरासमोर बसत आलो. आधी बशीवर रंग पाहायचा. मग वास: चेरी, सुकवलेले आलुबुखार, मागून थोडी मिरी. मग घोट तोंडात फिरवायचा. दातांवर कोऱ्या चहासारखा तुरटपणा राहिला पाहिजे, पण जीभ आवळता कामा नये. उन्हाळ्यात बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी. काल उघडलेली बाटली आजच्यापेक्षा मवाळ लागते, आणि यांना ती डोळे मिटून ओळखता येते.

अजूनही येते. मला मात्र हे ओळखत नाहीत.

सहा. यांचा मेंदू विझत चालला आहे. वन्सं म्हणतात, या बाटलीनेच खाल्ला. डॉक्टर म्हणाले तसे नाही, ग्लासात दोन बोटे देत जा. सगळा जन्म मला 'अगं' म्हणणारा माणूस आता मला 'अहो बाई' म्हणतो. "बसा ना बाई. आधी वास घ्या, घाई नको," असे म्हणून रोज पहिल्यापासून सगळे शिकवतो, आणि मी रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकते. मग तिसरा ग्लास भरतो आणि त्यावर बशी झाकतो. "हा माझ्या बायकोचा. यायचीये ती. तुम्हाला आवडेल, जरा फटकळ आहे." मी म्हणते, "भेटू की." हे झोपायला गेले की तो ग्लास मी स्वयंपाकघरात उभ्यानेच संपवते. माझ्यासाठी ठेवलेला असतो, मला पोचतो.

गेल्या महिन्यात वन्संना हे पाहवले नाही. त्या ओरडल्या, "अरे, डोळे उघड! ही समोर बसलीये तीच तुझी बायको!" हे उठले. माझ्याकडे पाहून इतके घाबरले की खुर्ची पडली. "माझ्या बायकोचं काय केलंत तुम्ही?" एवढेच पुन्हा पुन्हा विचारत जिन्यावर मला शोधत राहिले. मी मागे मागे जात होते आणि मला पाहून ते आणखी भीत होते. वन्संही रडल्या. मी त्यांना दोष देत नाही. त्या खरे तेच बोलल्या होत्या.

सात. वकीलबाईंना मी विचारले, रोज संध्याकाळी यांच्यासमोर कोणीतरी बसावे, असे कायद्याने बांधता येईल का? त्या म्हणाल्या, "घर देता येतं हो. सोबत कशी लिहून द्यायची?" म्हणून ही अट नाही, विनंती आहे. वन्सं, तुम्ही बसा. काही माहीत असायची गरज नाही, ते शिकवतील. तुम्हाला तेच 'अहो बाई' म्हणतील आणि मी नाही हे त्यांच्या लक्षातही येणार नाही. तसेच व्हावे, असे मला वाटते. लिहिताना सहन होत नाही, ती गोष्ट वेगळी.

आठ. मी गेले हे त्यांना सांगू नये. एकदा सांगून भागणार नाही, रोज नव्याने सांगावे लागेल आणि रोज नव्याने ते रडतील. विचारलेच तर म्हणावे, "वाटेवर आहे."

नऊ. तिसरा ग्लास मी वन्संच्या नावे करते. तुम्ही आयुष्यात थेंब घेतलेला नाही, मला ठाऊक आहे. पण मोरीत ओतू नका. ते झोपले की निदान त्याचा वास घ्या. चेरी आधी येते.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल.
तारीख: रविवार, वीस सप्टेंबर.

साक्षीदार पहिली: वकीलबाई. (सही)
साक्षीदार दुसरी: खालच्या मजल्यावरची शिंपीण. (सही)

ता. क. आम्ही सह्या करत होतो तेव्हा हे विचारत आले, "कसली सही चाललीये?" मी म्हटले, "वाइन पोचल्याची." तेव्हा म्हणाले, "मग बाई, माझ्या बायकोच्या वतीनं तुम्हीच करा. तिला आज उशीर होतोय."

तशी केली आहे.

(सही)
रंगाऱ्याची बायको