माझ्या शिरेचा प्रकार

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (घातला असं समज. खरोखर घातला तर उठवायला दोन वॉर्डबॉय लागतात.) तुझे गुडघे कसे आहेत? आत्तोबांचा खोकला? माझी काळजी नको, आणि इतक्या लांब यायची दगदग तर मुळीच नको.

झालंय असं, की माझ्या पाठीच्या कण्यात एक धमनी, मधल्या बारीक वाहिन्यांना न विचारता, परस्पर शिरेला जाऊन मिळालीय. (आपल्या घराण्यात असं परस्पर जमवायचं धाडस आजवर कोणी केलं नव्हतं.) त्यामुळे शीर तुंबलीय, मज्जारज्जूला सूज आलीय आणि पाय रोज थोडेथोडे रजेवर चाललेत. जोड लवकर बंद केला तर पाय वाचतील, असं सगळेच म्हणतात. करत मात्र कोणी नाही.

कारण जोडाचा प्रकारच ठरेना! जांघेतून नळी घालून, रंग सोडून इतके फोटो काढले, तेवढे माझ्या लग्नातही निघाले नव्हते. फोटोवाले डॉक्टर म्हणतात, जोड मज्जारज्जूच्या आवरणावर आहे, प्रकार पहिला, नळीतून डिंक सोडून बुजवू. सुरीवाले म्हणतात, छे, आवरणाच्या आत आहे, प्रकार चौथा, उघडून बंद करू. म्हणजे पहिला ठरला तर मी यांचा, चौथा ठरला तर त्यांचा. आणि प्रकार ठरल्याशिवाय इथे ऑपरेशनची तारीख मिळत नाही. परवाच्या डॉक्टरांच्या बैठकीला मलाही स्ट्रेचरवरून नेलं. (पेशंटनंही ऐकावं, अशी इथली उदार पद्धत.) पडद्यावर माझा कणा, टेबलावर चहा. तेवढ्यात तिसऱ्या एका विद्वानानं काढलं, की आकडे जुने झाले, हल्ली अक्षरं वापरतात. झालं! माझी शीर राहिली बाजूला आणि दोघंही त्याच्यावर तुटून पडले. पुढची बैठक पुढच्या आठवड्यात. मी विचारलं, तोवर माझ्या पायांचं काय? तर म्हणे, "अहो, तुमची केस फारच सुंदर आहे!" मेल्यांनो!

मी ग्रंथालयात जन्मभर पुस्तकांचे वर्ग पाडले. वर्ग ठरेपर्यंत पुस्तक टेबलावर धूळ खातं, हे मला नवं नाही. पण पुस्तकाला संडासला जावं लागत नाही.

तुझा,
सुंदर केस असलेला भाचा

ता. क. सकाळी नर्सनं पायात चप्पल घातली, ती मला कळलीच नाही. खाली पाहिलं तेव्हा दिसली.

आणखी ता. क. दगदगीचं वर लिहिलंय ते खोटं. आत्या, मी फार घाबरलोय. तू ये. मी दुसरीत असताना हेडमास्तरांच्या खोलीत घुसून तू माझ्यासाठी भांडली होतीस, आणि मी शरमेनं बाकाखाली लपलो होतो. तश्शी भांड. पहिला म्हण, चौथा म्हण, पण तारीख घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नकोस.