पेटीतली सुपारी

आवं कृष्णाताचं आबा,

मनुबाईचा कुपवाडास्नं नमस्कार. चष्मा हुडकत बसू नका, कपाळावर आसंल, तिथनं खाली वढा आन् मग वाचा. मी सांगतीया आन् आपली नात सृष्टी लिहितीया.

तिची नोकरी टिकली, हे आदी ऐका.

हितं स्पीकरच्या कारखान्यात तिनं कॉम्प्युटरला शिकवलंया. तपासणीच्या पेटीत स्पीकर ठेवला की कॉम्प्युटर आपणच जाड आवाजापासनं बारीक आवाजापतुर वाजवून बघतो, ऐकतो आन् पास-नापास ठरवतो. पर नवी पेटी आली आन् चार दिस समदंच स्पीकर नापास! मालक म्हनला, "शनिवारपतुर प्रोग्राम नीट करा, न्हाईतर दुसरं माणूस बघतो." पोरीचं जेवण तुटलं.

काल मी डबा घिऊन गेले, तर ही पेटीत बॅटरी मारून बघत हुती. कोपऱ्यातनं सुपारी निघाली. माझीच! पेटीच्या पूजेला गेले तवा पोरीला यश यावं म्हणून मीच आत सारली हुती. जाड आवाज आला की ती थरथरायची, आन् कॉम्प्युटर ती खरखर धरायचा.

सुपारी काढली आन् स्पीकर पास झालं. मालक हसून म्हनला, "आजी, आमच्या कानाला कळलं न्हाई ते पोरीच्या प्रोग्रामला कळलं."

आता माझा डबा दारातनंच घेत्यात.

तुमच्या पायाची सूज उतरली का? खरं काय ते कळवा.

कृष्णाताच्या हाती दोन किलो कंदी पेढं धाडा, माझ्यापायी कारखान्यातल्या माणसांचं चार दिस वाया गेलं. त्यातला एकबी तुमी खाऊ नका, साखर वाडलीया तुमची.

लांबनं नजर ठेवणारी,
मनुबाई