जन्मस्थळाचा रकाना

कास्त्रो,
सोमवार, १५ एप्रिल २०२४

प्रिय नगोरे,

तुझ्या पायांची सूज उतरली असेल आणि एलोय तुला मीठ खाऊ देत नसेल, असं धरून चालतो. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्यापेक्षा शहाणा आहे, पाऊस यायचा असला की आधी सांगतो. टोमॅटोची रोपं खिडकीत आणून ठेवली आहेत. शेजारची पुरा रोज तुझी चौकशी करते आणि बाळासाठी विणलेले मोजे हातात ठेवते. पाच जोड झाले. बाळाला पाय दोनच असतात हे तिला कोणी सांगायचं?

फोन असताना पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर तू मध्येच काहीतरी विचारतेस आणि मी हवापाण्याकडे वळतो. मला ती कला चांगली जमते.

काल तू म्हणालीस, "आइता, ठरलं. सत्तावीसला निघतो. बाराकाल्दोला तेरेसे मावशीकडे राहू, बाळ आपल्याकडेच होईल. खूश ना तू?" मी म्हणालो, खूश. मागून एलोय ओरडला, "सासरेबुवा, आमच्या बुर्गोसमध्ये मुलं जन्माला येत नाहीत की काय?" मी हसलो. मग तू जाता जाता सांगितलंस की रक्तदाब वाढलाय आणि डॉक्टरीणबाई लांबच्या प्रवासाला नको म्हणतात. तू ते हसण्यावारी नेलंस. मीही नेलं. फोन ठेवल्यावर मात्र खुर्चीतून उठवेना. गॅसवरचे वाटाणे करपले तरी उठलो नाही.

या 'आपल्याकडे'चं खूळ तुझ्या डोक्यात मीच भरलं. जानेवारीपासून दर रविवारी भरतोय.

गुरुवारी मी बिल्बाओला गेलो होतो. आपल्या क्लबचा चषक घेऊन गबारा नदीतून निघाली, ते तू टीव्हीवर पाहिलंसच. चाळीस वर्षांनी निघाली ती बोट. काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या शेजारी तांबडा-पांढरा शर्ट घातलेला एक जाडा माणूस होता. तो माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "रडा आजोबा, मोकळेपणाने रडा. असा दिवस पुन्हा कधी येतोय." मी रडत होतो हे खरं. पण कशासाठी, ते त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि मलाही ते नीट कळत नव्हतं. खेळाडूंकडे बघून छाती फुगत होती आणि त्याच वेळी तिथे उभं राहवत नव्हतं. निम्म्यातूनच निघून बस पकडली.

तुला माझ्या वडिलांची गोष्ट माहीत आहे. थामोराहून आले, लोखंडाच्या भट्टीवर लागले, मरेपर्यंत बाराकाल्दोत राहिले. तरी शाळेत पोरं मला 'माकेतो' म्हणायची, म्हणजे बाहेरून आलेला. मी बाराकाल्दोतच जन्मलो होतो, पण फेरेरास आडनाव कुठे लपवणार? फुटबॉलच्या मैदानात मात्र कोणी तसं म्हणत नसे. एकदा मास्तर म्हणाले, "फर्मिन, तू इथला. क्लब फक्त इथलीच पोरं घेतो; उद्या बोलावलं तर त्या नियमात बसतोस तू." क्लबने कधी बोलावलं नाही, तेवढे माझे पाय चांगले नव्हते. पण ते वाक्य मी आयुष्यभर खिशात घेऊन फिरलो.

मग लग्न झालं आणि समुद्राच्या हौसेपायी आम्ही इथे कास्त्रोला घर घेतलं, बिस्कायाच्या रेषेच्या जरा बाहेर. इथलं निम्मं गाव त्याच क्लबसाठी जीव टाकतं, पण इथे जन्मलेलं आणि इथेच खेळ शिकलेलं पोर क्लबला चालत नाही. म्हणून बायकांचे दिवस भरत आले की आमच्यासारखी माणसं त्यांना रेषेपलीकडे, बिस्कायात नेऊन ठेवायची. कोणाला त्यात विचित्र वाटत नसे. तुझ्या वेळी आम्ही दहा दिवस आधी तेरेसेकडे जाऊन बसलो. तू झालीस तेव्हा मित्र म्हणाले, "मुलगी? फर्मिन, पेट्रोल वाया गेलं रे." तेव्हा मुलींचा संघ नव्हता. मी पण हसलो होतो. माफ कर.

आता तुझ्या भावाबद्दल.

तुला आम्ही सांगितलं होतं की त्या दिवशी इथला डॉक्टर रजेवर होता, म्हणून बाळंतपणाला तुझ्या आमाला घेऊन पलीकडे जावं लागलं आणि उशीर झाला. नगोरे, डॉक्टर रजेवर नव्हता. दवाखाना घरापासून चार मिनिटांवर, आणि दारात त्याची गाडी उभी होती. मी ती पाहिली आणि पुढे गेलो.

तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या होत्या. दिवस नेमका गबारेचा, मे महिन्यातला, चौऱ्याऐंशीचा. डोंगराच्या कडेने जाणारा जुना रस्ता तेव्हा एकच होता आणि सगळा मुलूख त्यावरून बिल्बाओकडे निघालेला. दवाखान्यापाशी आमा म्हणाली, "फर्मिन, इथेच वळव. मला हे काही बरं वाटत नाही." मी म्हणालो, "अर्धा तास गं. जरा कळ काढ." तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे मिटून दाराची कडी धरून बसली.

पावणेदोन तास लागले. झेंडे, भोंगे, गाड्यांच्या टपावर बसलेली पोरं. आम्हीही मिरवणुकीलाच निघालोय असं वाटून कोणीतरी खिडकीतून वाइनची पिशवी आत दिली. मी ओरडलो, बायको बाळंत होतेय, वाट द्या. तर ते लोक टाळ्या वाजवायला लागले. "मग पोरगा आपलाच," म्हणाले, "नऊ नंबर राखून ठेवा रे." आणि वाट करून दिली, जमेल तेवढी. त्या क्षणी मला आनंद झाला होता. तुझी आमा घामाने निथळत होती आणि मला आनंद झाला होता.

तो दोन तास जगला. नाळेचा वेढा होता. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आला असतात तर. नावही ठेवलं होतं आम्ही, एनेको. तुला कधी सांगितलं नाही.

आणखी एक आहे. हे मी पाद्र्यालाही सांगितलेलं नाही. नर्सने कागद भरून माझ्यापुढे सहीला ठेवला, तेव्हा मी नाव वाचायच्या आधी जन्मस्थळाचा रकाना वाचला. बाराकाल्दो, बिस्काया. आणि मला हायसं वाटलं. डोळ्याची पापणी लवेल एवढा वेळ, पण वाटलं. मग खालची तारीख दिसली, तीच तारीख पुन्हा मृत्यूच्या ओळीत दिसली, आणि मी भानावर आलो.

आमाने पुढे चौतीस वर्षांत, ती गेली तोवर, एकदाही म्हटलं नाही की 'मी वळव म्हणाले होते'. डॉक्टर रजेवर होता हे मी लोकांना सांगायचो तेव्हा ती बाजूला उभी असायची. फक्त रेडिओवर सामना लागला की उठून स्वयंपाकघरात जायची. मला वाटायचं, हिची आवड गेली. इतका मूर्ख माणूस होतो मी, की खरंच तसं वाटायचं.

आता माझा गोंधळ काय तो ऐक, कारण घोडं पेंड खातंय ते इथेच. रागावू कोणावर? नियमावर रागावता येत नाही, मला तो अजून आवडतो. एवढं जग विकत घेता येत असताना आपल्याच गल्लीतली पोरं घेऊन लढायचं, यात काहीतरी आहे. एकदा मी क्लबच्या कचेरीत जाऊन म्हाताऱ्या कारकुनाला म्हटलं, दाखवा तो नियम, कुठे लिहिलाय? तो हसला. "लिहायला कशाला लागतं? सगळ्यांना माहीत आहे." खरंच कुठे लिहिलेलं नाही. आणि जे सगळ्यांना माहीत आहे त्यात हेही आहेच, की जन्म कुठेही होवो, खेळ पलीकडे शिकला तरी पोर चालतं. एनेको कास्त्रोत जन्मला असता तरी सहा-सात वर्षांचा झाल्यावर मी त्याला रोज पलीकडे घेऊन गेलो असतो. अर्ध्या तासाचा तर रस्ता. हे मलाही माहीत होतं गं. त्या दिवशी आठवलं नाही. किंवा आठवलं आणि पुरेसं वाटलं नाही, कारण मला 'शिकलेला' नको होता, 'जन्मलेला' हवा होता, जसा मी होतो. कुठलं खरं, चाळीस वर्षं विचार करूनही मला सांगता येत नाही.

बाळ बुर्गोसलाच होऊ दे. डॉक्टरीणबाई म्हणतात तसंच कर. तू बोलावलंस तर मी बसने येईन, आणि हे वाचल्यावर तुला मला बोलवावंसं वाटलं नाही तर तेही एलोयला सांगायला सांग, मी समजून घेईन.

पण एवढं लक्षात ठेव. हे सगळं लिहितानाही माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात कोणीतरी म्हणतंय, आठवडाभर आधी निघाले तर, गाडी सावकाश चालवली तर. तो गेलेला नाही. म्हणून मी उद्या-परवा फोन करून "ये" म्हणालो, तर ऐकू नकोस. रडलो तरी ऐकू नकोस. तुझ्या आमाने माझं ऐकलं होतं.

दोन लेकरांचा आइता,
फर्मिन