कंसातली सासू

मंगळवार, १० फेब्रुवारी

प्रिय घुमी,

अनेक आशीर्वाद. मायना लिहिण्यातच माझी सकाळ गेली. 'चि. सौ.' लिहावं तर ते आता चालायचं नाही, नुसतं नाव लिहावं तर बँकेला अर्ज केल्यासारखं वाटतं. शेवटी म्हटलं, ह्या घरात मी ज्या नावाने हाक मारत होते तेच बरं. मी बरी आहे. डाव्या गुडघ्याची कुरकुर चालू असते, पण त्याला विचारतंय कोण. तूही बरी असशील, फोटोत तरी दिसतेस. केस कापलेस. चांगले दिसतात.

फोन केला नाही, कारण फोनवर मी अर्ध्यातच भांडायला लागते हे तुला ठाऊक आहे. कागदावर निदान वाक्य तरी पुरं होतं.

आधी आमच्या मंडळाचं सांगते. तू गेल्यावर दुपारी वाचायला सोबत उरली नाही, म्हणून मी वाचनालयात जायला लागले आणि बघता बघता तिथली पुढारी झाले. 'इथलेच लेखक' असं मंडळाचं नाव, ते मीच ठेवलं. दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी एक पुस्तक घ्यायचं, आणि ते लिहिणारा माणूस ह्याच शहरात राहणारा हवा. लांबच्या मोठ्या लेखकांना वाचकांची ददात नाही, त्यांचं आमच्यावाचून काही अडत नाही. पुस्तक प्रत्येकाने विकत घ्यायचं, उसनं आणणाऱ्याला चहा मिळत नाही. आणि पहिला अर्धा तास लेखकाने समोर बसून आम्ही काय बोलतो ते गप्प ऐकायचं. एक निवृत्त प्राध्यापक मधेच बोलायला लागले, तर मी त्यांच्यासमोर बशीतली बिस्किटं सरकवली.

किती माणसं लिहितात गं इथे. माझा चष्मेवाला, इतकी वर्षं माझ्या नाकावर फ्रेम बसवतोय, तो रहस्यकथा लिहितो. त्याचा गुन्हेगार नेहमी चष्म्यावरूनच सापडतो, पण तेवढं सोडलं तर शेवटपर्यंत ताकास तूर लागू देत नाही. सरकारी दवाखान्यातली एक नर्स कविता करते. तिचा छोटासा संग्रह वाचल्यावर मी दोन दिवस कोणाशी धड बोलले नव्हते, आणि माझ्या बाबतीत हे केवढं आहे ते तूच जाण. एखादं असं सापडलं की मला कोण आनंद होतो. मग मी अख्ख्या गल्लीला सांगत सुटते. शेजारीण मला पाहून दार लावून घेते, तिला वाटतं ही आणखी एक पुस्तक गळ्यात मारणार. मारतेच.

दर महिन्याला मी पुस्तकाच्या दुकानात जाऊन विचारते, इथलं नवीन काय? गेल्या महिन्यात दुकानदार नुसता घुटमळला. तसं काही नाही म्हणाला. मी म्हटलं, मग ते हाताखाली काय दडवलंयस? नाइलाजाने त्याने तुझी कादंबरी पुढे केली आणि माझ्याकडे न बघता पिशवीत घातली. आपल्या दोघींना एकत्र दुकानात आलेलं त्याने पाहिलंय ना. भला माणूस आहे.

दोन दिवसांत वाचली. भाजी करपली. मग पुन्हा वाचली, सावकाश. तोंडावर कौतुक केलं की तू उठून आत जायचीस, आता कुठे जाशील, ऐकून घे. बाई गं, काय लिहिलं आहेस तू. आठ वर्षं ह्या घरात हो आणि नाही यापलीकडे तुझ्या तोंडून फारसं काही निघालं नाही, आणि पोटात हे सगळं होतं? गॅलरीचं दार जरासं उचलून उघडावं लागतं, हे मला माहीत होतं. पण रागावलेल्या माणसाला ते उघडता येत नाही, कारण रागात माणूस ढकलतो, उचलत नाही, हे मला तुझ्या पुस्तकाने दाखवलं. मी उठून त्या दाराशी जाऊन बघितलं. अगदी खरं आहे. आणि ते जेवणाच्या टेबलावरचं प्रकरण. दोघंही सरळ माणसं, समोरासमोर बसलेली, आणि मीठ मागण्यापलीकडे एकमेकांशी बोलायला काही नाही. कोणालाही वाईट ठरवलं नाहीस. नवऱ्यालाही नाही. माझ्या पोटचा गोळा, पण मलाही तो इतका नीट कळला नव्हता.

त्याचा नोकरीच्या गावाहून दर रविवारी फोन येतो. त्याला कोणीतरी आधीच सांगितलं होतं. तिने घरची लक्तरं वेशीवर टांगली आणि तू तिला हारतुरे देणार का, म्हणून माझ्यावर चिडला. मी विचारलं, वाचलंस का? नाही म्हणाला. मग वाच म्हटलं, आणि विकत घेऊन वाच. पुढच्या रविवारी 'बरं लिहिलंय' एवढं म्हणाला. फोन ठेवताना म्हणाला, "तू तिला बोलाव आई. मला काही वाटणार नाही." त्याच्याकडून एवढं म्हणजे खूपच झालं.

ग्रंथपालबाईंचं आमंत्रण तुला पोचलंच असेल. तुझं उत्तर नाही, म्हणून त्या माझ्या मागे लागल्या आहेत, कारण हे पुस्तक घ्यायचा हट्ट माझा. आपलं नातं त्यांना ठाऊक नाही. तू माहेरचं आडनाव लावतेस, त्यामुळे मंडळात कोणालाच ठाऊक नाही.

आता खरं सांगू? एवढं लिहून झालं आणि मी अजून आडवळणानेच चालले आहे.

पुस्तक हातात घेतलं तेव्हा माझी खात्री होती की मी त्यात असणार, आणि वाईट असणार. सासू म्हटल्यावर दुसरं काय? मोठ्या मनाने माफ करायची तयारीही मी करून ठेवली होती. चारचौघांत म्हणणार होते, लेखकाला एवढं स्वातंत्र्य द्यावंच लागतं. पानं उलटतेय, उलटतेय, मी काही येत नाही. घर आलं, गॅलरी आली, मोरीतला गळका नळसुद्धा आला. आणि मग कादंबरीतली ती बाई भिंतीवरच्या फोटोवर फडकं मारते तिथे, कंसात: (सासूबाई लग्नाआधीच वारल्या होत्या.)

अगं, मारलंस ते मारलंस, तेही कंसात? कजाग करायचंस, भांडकुदळ करायचंस, मी सगळ्यांना चहा पाजून सांगितलं असतं की ही मीच. पण मी मुळात नव्हतेच? दुपारी तू मोठ्याने वाचायचीस आणि मी मटार सोलत ऐकायची, आवडलेलं पान तुला पुन्हा वाचायला लावायची, ते सगळं कुठे गेलं? मला वाईट वाटलं, घुमी. फार वाईट वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं ते आवडलं म्हणून हे खरंच, पण कुठेतरी सापडेन ह्या आशेनेही वाचलं.

पुस्तक उत्तम आहे, त्यात माझ्या रुसण्याने काही फरक पडत नाही. मंडळात मी तेच सांगणार, घसा फोडून सांगणार. चष्मेवाल्याने माझ्या सांगण्यावरून घेतलंय, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतोय. एवढंच कळव, येणार आहेस का? आणि येणार असलीस तर मी तिथे कोण म्हणून बसू? नुसती वाचक म्हणून बसायला माझी ना नाही. पण पुस्तकात मेलेल्या माणसाने दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या, हे मला जमेल का ते आधी बघायला हवं.

जिवाला जप. कमी उजेडात लिहीत बसू नकोस, डोळे जातात.

तुझी,
(आई)


सोमवार, १६ फेब्रुवारी

ती. आईंना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र परवा मिळालं. तेव्हापासून चार वेळा उत्तर लिहायला बसले. ग्रंथपालबाईंचं आमंत्रण आलं तेव्हाच ह्यामागे कोण आहे ते मला कळलं होतं. लेखकाला अर्धा तास गप्प बसवायचं आणखी कोणाच्या डोक्यात येणार? मी घाबरले आणि उत्तरच दिलं नाही.

तुम्ही पुस्तकात होतात, आई. पहिल्या खर्ड्यात पहिल्या पानापासून होतात, मटारांसकट. मग ती बाई घर सोडायला बॅग भरायची. भरून झाली की तुम्ही आतून विचारायचात, "आज काय वाचायचं गं?" आणि ती बॅग पलंगाखाली सारून पुस्तक घेऊन यायची. मी पुन्हा लिहिलं. ह्या वेळी तुम्हाला झोपवलं. ती दारापर्यंत गेली आणि ह्या उठल्यावर चहा कोण करेल म्हणून परत फिरली. मग तुम्हाला तुमच्या बहिणीकडे पाठवलं, तर त्या येईपर्यंत थांबते म्हणाली. कादंबरी तिथेच अडून बसली. मला खरोखरचं घर सोडायला इतकी वर्षं का लागली, ते मला हे लिहिताना कळलं.

शेवटी एका दुपारी तो कंस लिहिला. लिहून खूप रडले, त्या दिवशी पुढे एक ओळ झाली नाही. दुसऱ्या दिवशी ती बॅग उचलून बाहेर पडली.

शनिवारी मी येते आहे. तुम्ही दुसऱ्या रांगेत बसू नका, माझ्या शेजारी बसा. अर्धा तास मी तोंड उघडणार नाही. त्यानंतर पहिलं वाक्य हेच बोलेन, की ह्या माझ्या आई, आणि ह्या पुस्तकात असत्या तर ती बाई घर सोडून कधीच जाऊ शकली नसती.

तुमची,
घुमी