कुंचल्याच्या गळ्यातला दोरा

बाबा, आज नातीने मेकअपचे ब्रश शॅम्पूने धुतले आणि ओलेच पेल्यात उभे करून ती कॉलेजला गेली. मी ते काढून पंच्यावर आडवे मांडले. उभ्या ब्रशातलं पाणी पत्र्याच्या टोपीत उतरतं, आतला चिकटा सुटतो आणि केस गळतात, हे तुमचंच सांगणं. ते मांडताना तुम्हाला एकदा विचारलेला प्रश्न पुन्हा डोक्यात आला. उत्तर तुम्ही तेव्हाच दिलं होतं, पण मला ते पुरलं नाही.

नवं राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. वरवट बकालच्या अलीकडच्या आपल्या गावात तुम्ही एरवी वांगी-मिरचीच्या वाफ्यांत असायचात, आणि नाटक बसलं की सगळ्यांची तोंडं रंगवायचात. त्या वर्षी पाटलाची भूमिका बौद्ध वस्तीतल्या तरुण मास्तरांना मिळाली होती. त्या वस्तीतलं कुणी आपल्या नाटकात पहिल्यांदाच उभं राहणार होतं. नायक किराणा दुकानदाराचा मुलगा. रंगीत तालमीनंतर तो आपल्या घरी आला आणि तुमच्या कुंचल्यांतल्या एकाला त्याने लाल दोरा बांधला.

"काका, मास्तरच्या तोंडाले हाच लावजा. बाकीचे अलग."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? समजून घ्या ना. नाही तं मास्तरले घरी बसवा."

तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चुलीपाशी बसला आहात. कोमट खोबरेलात एकेक कुंचला बुडवून फडक्यावर पुसता आहात. सफेदा, शेंदूर, काजळ फडक्यावर उतरतं आहे. शेजारच्या पितळी गंजात रिठ्याच्या पाण्याला फेस आला आहे. माय म्हणते आहे, "माह्या चुलीपाशी हा पसारा नोका मांडू." तुम्ही म्हणता, "मंग पानी काय वावरात तापवू?" आणि दोऱ्याचा कुंचला हाती येताच दोरा सोडून चुलीत टाकता, सगळे कुंचले त्या एकाच गंजात घालता.

"बाबा, दोरा काऊन काढला?"

"ओल धरते. केसं गयतात."

संध्याकाळी शाळेच्या खोलीत नायक विचारत होता, "मास्तरचा कोणता?"

"यातलाच एक. तुले ओयखू येत असन तं काढ."

मास्तर वाकून बघत म्हणाले, "मले बी नाही ओयखू येत." नायक भिंतीकडे तोंड करून बसला. तुम्ही मास्तरांना रंगवलं, मग बाकीच्यांना. बाहेर पेट्रोमॅक्स लागली. कुणीतरी त्याला म्हणालं, "असाच जाशील तं लोक म्हनतीन, नायक बिमार हाय बे." शेवटी तो आला. "थोडंसंच लावा, काका."

"थोडं नाही चालत. मानेपावतर लावा लागते."

नाटक झालं. मास्तरांच्या पाटलाची नक्कल पुढे कितीतरी वर्षं गावात होत राहिली.

आता माझी उत्सुकता अशी, की तुम्ही ते मुद्दाम केलं का? ओलीचं कारण खोटं नव्हतं. त्याआधी मी हौसेनं एका कुंचल्याला रिबीन बांधली होती, तीही तुम्ही अशीच काढली होती. पण कुंचला वाळल्यावर दोरा परत बांधता आला असता. तो तुम्ही चुलीत टाकलात. तुमचा चेहरा आठवून बघते, तर दिसते फक्त तुमची पाठ आणि गंजावर वाकलेली मान.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून सांगून टाकते. मी हा प्रसंग ज्यांना ज्यांना सांगितला, त्या सगळ्यांना वाटतं की तुम्ही ते ठरवून केलं. मी त्यांना अडवत नाही. पण मला मनातून वाटतं, ते नुसतं ओलीमुळेच असावं. म्हणजे चुलीपाशी बसून केस जपताना कुणाचा कुंचला कोणता, हे तुमच्या मनात आलंच नसेल.