खाणीवरचे बारा गुंठे

मी, गहिनीनाथ मच्छिंद्र धांडे, वय अडुसष्ट, धंदा गवंडीकाम (दम्यामुळे बंद), राहणार खाणीची वस्ती, कर्जत, जिल्हा अहमदनगर, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र करून ठेवतो. एक डोळा अधू आहे. डोके जागेवर आहे. नशापाणी केलेले नाही, कोणी धाक घातलेला नाही. मी सांगतो, काकासाहेब लेखनिक लिहितात. "एवढा राग कागदात कशाला?" असे ते दोनदा म्हणाले. मी म्हणालो, "लिवा. जिमीन कुनाला दिली अन् का दिली, दोनी कळाया पायजे."

माझी पत्नी भीमाबाई वारली. मुलगा एकच, कानिफनाथ. इंजिनियर आहे. सन १९५९ पासून विलायतेत, बर्मिंगहॅम येथे राहतो.

कलम पहिले. गावाच्या शिवेवर जुन्या दगडखाणीलगत बारा गुंठे जमीन माझ्या नावे आहे. ती मी स्वतःच्या मजुरीतून घेतली, वाडवडिलांची नाही. म्हणून ती कोणाला द्यावी हा माझा अधिकार. तीवर माझे दोन खणांचे दगडी घर आणि इतर नऊ घरे आहेत. त्या घरांतली माणसे बावन्न सालच्या दुष्काळात जामखेडकडून दगड फोडायला आली. मी म्हणालो, "ऱ्हावा." राहिली. कागद एकाकडेही नाही. मी मेल्यावर कानिफनाथ वारस म्हणून उभा राहील आणि नऊच्या नऊ घरे पाडील. हा माझा अंदाज नव्हे, त्याने तसे लेखी कळवले आहे. ते कसे, ते सांगतो.

गेल्या जानेवारीत, ऐन दुष्काळात, तो चौदा वर्षांनी आला. उतरला डाकबंगल्यात. वस्तीत आला तो सूनबाई विजयमाला हिला घेऊन, पँटची टोके वर धरून. ओट्यावर टेकला नाही. शेजारची रंगुबाई सरकारी कामावरून खडी फोडून नुकतीच आली होती. तिने गुळाचा कोरा चहा केला. कानिफनाथ मॅट्रिकला असताना त्याची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा सव्वा वर्ष तो याच रंगुबाईच्या चुलीपुढे जेवला. त्याने कप घेतला आणि तसाच भिंतीवर ठेवला.

मग मला म्हणाला, "आप्पा, इथं काहीच बदललं नाही. या लोकांना घाणीतच राहायला आवडतं. मी निघालोच ना बाहेर? यांना कुणी धरून ठेवलंय?"

रंगुबाई म्हणाली, "दादा, दोन वर्सं पाऊस न्हाई. प्यायला पानी न्हाई. घान धुवू कशानं?"

त्याने तिच्याकडे पाठ केली. बायकोला म्हणाला, "चल." जाताना वस्तीसाठी फिनेलची बाटली ठेवून गेला.

जूनमध्ये सरपंचांना त्याचे पत्र आले. सरपंचांनी ते मला वाचून दाखवले. 'गावात शिरताना प्रथम ही वस्ती दिसते. परदेशातून येणाऱ्याला लाज वाटते. वस्ती उठवावी, आम्ही इकडची मंडळी तेथे भीमाबाई धांडे उद्यान बांधून देऊ. वडिलांच्या पश्चात जागा माझीच आहे.' भीमाबाईने आयुष्यात बाग पाहिली नाही. या नऊ घरांतल्या बायकांनी तिला न्हाऊ घातले, तिची घाण काढली. त्यांना हुसकून तिच्या नावाने फुले लावणार!

काष्टीचे राधाकृष्ण लगड विलायतेत लोखंडाच्या ओतशाळेत कामाला होते, आता कायमचे परतले आहेत. त्यांना मी विचारले, "माझा पोरगा तिथं कसा राहायचा हो?" ते म्हणाले, "पहिली तीन वर्सं आमी सहा जन एका खोलीत. एका खाटेवर पाळीपाळीनं झोपायचो. गोरे आमाला बघून नाक मुरडायचे. मग कानिफनं गोऱ्यांच्या गल्लीत घर घेतलं, अन् आमच्या गल्लीकडं बघून त्योच नाक मुरडाया लागला."

म्हणजे गोऱ्यांचे नाक मुरडणे सोसता सोसता तो ही विद्या शिकला. असल्या शहाणपणावर मी थुंकतो. काकासाहेब म्हणतात, हे कागदात शोभत नाही. राहू द्या.

मात्र खोटे सांगणार नाही. पहिला धडा माझाच. वस्तीतल्या पोरांबरोबर बसला म्हणून मी त्याला ओळंब्याच्या दोरीने मारले होते. "त्यांच्यात बसशील तर त्यांच्यावानीच सडशील," असे म्हणालो होतो. तो शब्द रंगुबाईने ऐकला होता. वीस वर्षे तिने तो मला बोलून दाखवला नाही.

सबब वरील बारा गुंठे जमीन मी नऊ घरांच्या कुटुंबांना सामाईक देत आहे. ती कोणी विकू नये. माझे दगडी घर एकट्या रंगुबाई छगन पठाडे हिला द्यावे.

कलम दुसरे. थापी, ओळंबा, हातोडे, छिन्न्या रंगुबाईची मुलगी राहीबाई हिला. ती माझ्या हाताखाली शिकली. गावचे गवंडी हसतात. त्यांच्या भिंतींना बाक आहे, हिच्या भिंतीला नाही.

कलम तिसरे. भीमाबाईचे हातातले चांदीचे गोट सूनबाई विजयमाला हिला. नवरा "चल" म्हणाला तरी ती थांबली, चहा संपवला, कप स्वतः विसळला.

कलम चौथे. कानिफनाथ यास फिनेलची बाटली, सील न फोडलेली, परत करावी. त्याच्या गल्लीत उपयोगी पडेल.

कलम पाचवे. अंमलबजावणी राधाकृष्ण लगड यांनी करावी. उद्यान, कमान, पाटी, काहीही माझ्या किंवा भीमाबाईच्या नावे या जागेत उभारू नये.

कलम सहावे, शेवटचे. हे सारे वाचूनही कानिफनाथला कधी येथे येऊन राहावेसे वाटले, तर आणखी एका घरापुरती जागा वस्तीने त्याला द्यावी. ती मागायला त्याने रंगुबाईच्या दारात यावे, आणि ती 'बस' म्हणेल तिथे बसावे.

हे मला वाचून दाखवले. माझ्याच तोंडचे आहे. यापूर्वीचा कागद असल्यास रद्द.

सही: गहिनीनाथ मच्छिंद्र धांडे

साक्षीदार:
१. राधाकृष्ण बाबूराव लगड, काष्टी
२. काकासाहेब यशवंत देशमुख, लेखनिक, कर्जत

मुक्काम कर्जत, सोमवार, दिनांक १२ नोव्हेंबर १९७३